जैसलमेरच्या मैदानात माय

माझा भाऊ फौजेत भरती झाला तेव्हा मोहगावातल्या आमच्या मोहल्ल्यातून वर्दी चढवणारा तो पहिलाच होता. तो सुटीवर आला की आमच्या दोन खोल्यांच्या घरात बसायला जागा उरत नसे. म्हातारी माणसं त्याच्या बुटांना हात लावून पाहत, बाया त्याच्यासाठी वाटीभर काहीबाही घेऊन येत, आणि माझे बाबा, जे एरवी दिवसभरात चार शब्द बोलत, ते दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत. "आला गा आमचा," म्हणत.

ऐंशी सालाच्या पुढची ही गोष्ट. साल नेमकं सांगता येणार नाही, पण गावात एकदोन घरी टीव्ही आला होता आणि मी प्रायव्हेट बी.ए. करत होते. त्या वर्षी भावाची बदली राजस्थानात, जैसलमेरला झाली होती. थंडीत सुटीवर आला आणि रात्रीच्या जेवणाला त्यानं तिथल्या गोष्टी सुरू केल्या. नुसती वाळू. पिवळा किल्ला. आणि माघ पुनवेला मोठा महोत्सव.

"उंटाची शर्यत असते, पगडी बांधाची शर्यत असते, मिशीची बी असते," तो म्हणाला.

बाबांचा घास हातातच राहिला. "मिशीची? मिशी का धावते?"

आम्ही हसून हसून लोळलो. हसणं थांबल्यावर भाऊ मायला म्हणाला, "माय, तू नागपूरच्या पुढं कधी गेली नाई. यंदा चाल माह्यासंग. महोत्सव पाहून ये."

मायचं नागपूर म्हणजे दसऱ्याला दीक्षाभूमी. भाकरी बांधून, पांढरं लुगडं नेसून ती दरवर्षी जायची. त्यापलीकडे जग होतं हे तिला ठाऊक होतं, पण तिकडे आपण जायचं असतं हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिनं बाबांकडे पाहिलं.

"जा ना," बाबा म्हणाले. "कपाशीचा शेवटचा वेचा राह्यला हाय, गाय गाभन हाय, मले जमत नाई. पोरीले घेऊन जा. तिले हिंदी येते चांगली."

ज्या बगीच्यात मायबाबा दोघंही मजुरीला जात, तिथून बाबांनी मृगबहाराची संत्री आणली. तणसात गुंडाळून पेटीत नीट बसवली आणि भावाला म्हणाले, "तुह्या संगच्या पोट्ट्यायले दे. खाऊ दे त्यायले आपल्याकडचा माल."

पांढुर्ण्याच्या स्टेशनातून आम्ही दिल्लीची गाडी धरली. दिल्लीहून छोट्या लाइनीनं जोधपूर, जोधपूरहून पुन्हा दुसरी गाडी. माय सगळा वेळ खिडकीशी. बैतूलच्या घाटात बोगदा आला तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला, पण खिडकी सोडली नाही. जोधपूरच्या पुढं हिरवं काही दिसेना तशी ती अस्वस्थ झाली. "लोकं खातात काय इथं?" असं दोनतीनदा विचारून झालं. एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली तेव्हा खाली उतरून तिनं मूठभर वाळू उचलली, बोटांतून गाळली, आणि चपला उलट्या करून पाहिल्या. आमच्या काळ्या मातीत पाय टाकला की शेरभर चिखल संगं चालतो. इथं चपलेला काहीच चिकटलं नव्हतं.

"हे माती होय का?" ती म्हणाली. "हे तं कोनाचीच होत नाई."

सकाळी जैसलमेर आलं. सपाट रानात एकाएकी तो किल्ला उभा राहिला, आणि डब्यातली सगळी माणसं एका बाजूला गोळा झाली. ऊन नुकतंच त्याच्यावर पडलं होतं. मी पुस्तकातले शब्द आठवू लागले, सोनेरी, सुवर्णमय वगैरे. माय म्हणाली, "तुरीच्या दाळीचा रंग हाय." मला त्यानंतर दुसरा शब्द सापडलेला नाही.

आमची राहायची सोय भावानं किल्ल्यातच केली होती. एका विधवा बाईनं आपल्या घरातली वरची खोली आम्हाला दिली होती. किल्ल्यात माणसं राहतात याचं मायला फार नवल वाटलं. तिच्या मनात किल्ला म्हणजे राजा, तोफा आणि पडक्या भिंती. इथं तर दारांत शेळ्या बांधल्या होत्या, गच्च्यांवर पापड वाळत होते. दगडी चढावावरून चढताना ती भिंतींना हात लावत चालली होती. एका हवेलीच्या खिडकीपाशी ती थांबलीच. दगडात जाळी कोरली होती, इतकी बारीक की पलीकडचं ऊन त्यातून चाळणीतल्या पिठासारखं पडत होतं.

"हे लाकूड होय का गोटा?"

"गोटाच होय, माय," भाऊ म्हणाला.

"बाप्पा! गोट्याले इतकं नरम केलं!" तिनं जाळीवरून बोटं फिरवली. "ज्यानं केलं त्याच्या मायले किती बरं वाटलं असन."

भाऊ छावणीत राहायचा, दिवसा सवड काढून यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा माय खोलीत नव्हती. खाली घरमालकीण दाराशी उभी राहून गल्लीकडे टक लावून पाहत होती. मीही पाहिलं. चढावावरून माय येत होती. डोक्यावर एकीवर एक दोन घागरी, हात मोकळे. खालच्या चौकातल्या नळाला थोडाच वेळ पाणी येतं हे तिनं आदल्या संध्याकाळीच हेरलं होतं आणि मालकिणीच्या घागरी उचलून गेली होती. वाटेत एक गाय आडवी आली तर तिच्याशी चार शब्द बोलली, तिला बाजूला सारलं आणि पुन्हा चालू लागली.

मालकिणीनं घागरी उतरवून घेतल्या. मायच्या खांद्यांवरून हात फिरवून पाहिला. लुगडं कोरडं होतं. मग ती माझ्याकडे वळून हिंदीत भराभर काही सांगू लागली.

"काय म्हंते ते?" मायनं विचारलं.

"महोत्सवात बायांची शर्यत असते म्हणते. डोक्यावर भरली घागर घेऊन धावायची. कुणालाही भाग घेता येतो. तू जा म्हणते."

माय हसायला लागली. इतकी हसली की पायरीवर बसावं लागलं. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आमी जिंदगीभर धावलो, तवा कोनी शर्यत नाई म्हटलं!"

ती असं का म्हणाली हे मला सांगितलं पाहिजे. मायच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नसत. बाया नदीवर जात, वाळूत खड्डा करत, त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत, आणि ऊन चढायच्या आत घरी येऊन पुन्हा मजुरीला पळत. पुढं मोहल्ल्यातल्या लोकांनी स्वतः खणून आपली विहीर केली. मी त्या विहिरीचंच पाणी पिऊन मोठी झाले. मायनं आम्हाला हे कधी रडून सांगितलं नाही. सांगायची तेव्हा अशी सांगायची, जशी एखादी जुनी पैलवानी असावी.

दुपारी भाऊ आला. मायनं त्याला सरळ सांगितलं, "मी शर्यतीत जाऊन राहिलो." आमच्याकडे बायाही असंच बोलतात, जातो, करतो, येतो. भावाला वाटलं चेष्टा आहे. मग त्याचा चेहरा उतरला.

"माय, तिथं आमचे साहेब लोकं असतात. पूर्ण पलटन असते."

"मंग?"

"म्हंजे... तू धावशीन, लोकं हासतीन..."

"काहून? साहेबाच्या मायनं पानी नसन भरलं का?"

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "जाऊ दे ना, भाऊ. तिला नाचायला थोडंच सांगितलंय?" दुसऱ्या दिवशी तो वर्दीला कडक इस्त्री करून आला, आणि आम्हाला घ्यायलाच आला.

महोत्सवाचा तो दिवस अजून माझ्या डोळ्यांत आहे. किल्ल्याखालून मिरवणूक निघाली. उंटांच्या गळ्यात घुंगरं, अंगावर कवड्यांच्या झुली. पुरुषांच्या पगड्या अशा की वाटावं लग्नाचा मांडवच चालत आला. मिशीवाले खरंच होते. एकानं तर मिशी उलगडून दाखवली तेव्हा माय म्हणाली, "तुह्या बापाले पाहू द्या लागत होतं हे." मैदानात एक म्हातारा गवई बसला होता, मांडीवर सारंगीसारखं गोलसर वाद्य, बाजूला लाकडी पट्ट्या वाजवणारा जोडीदार. त्याचा एक शब्द आम्हाला कळत नव्हता. पण आवाज असा उघडा की थांबावंच लागलं. आमच्या मोहल्ल्यात रात्री भजनाला बसणारी माणसं अशीच डोळे मिटून गातात, आणि त्यांचीही गळ्याची शीर अशीच फुगते.

मग भोंग्यावरून पुकारा झाला. बायांची शर्यत.

मैदानात चुन्याची रेघ मारली होती. एका बाजूला मातीच्या घागरी भरून ठेवल्या होत्या. आजूबाजूच्या गावांतल्या बाया घागऱ्यात, ओढणी कपाळापर्यंत ओढून उभ्या होत्या. काही गोऱ्या बायकाही होत्या, कुणाच्या तरी ओढण्या मागून घेतलेल्या, आणि त्या घागरीला हात लावायच्या आधीच खिदळत होत्या. त्या सगळ्यांत माझी माय. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, पन्नाशीला टेकलेली. तिनं चपला काढून माझ्या हाती दिल्या, कासोटा घट्ट केला. एक घागर उचलली, टिचकी मारून ऐकली, परत ठेवली. दुसरी घेतली. मग माझ्या खांद्यावरचा दुपट्टा मागून घेतला आणि त्याची चुंबळ वळून डोक्यावर बसवली.

शिटी वाजली. गोऱ्या बायकांच्या घागरी चार पावलांतच धडाधड फुटल्या आणि लोक खो खो हसले. त्या स्वतःही भिजून हसत होत्या. माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. बाकीच्या बाया एका हातानं घागर सावरत पळत होत्या, तशी मुभा होती. मायचे दोन्ही हात खाली होते. ती धावत होती असंही म्हणता येत नव्हतं. कमरेच्या वर काही हलतच नव्हतं, आणि खाली पाय मात्र असे पडत होते की एकेक बाई तिच्या मागं राहू लागली.

एक उंच, लाल ओढणीवाली बाई सर्वांत पुढं होती. तिच्या मागं माय.

भाऊ तोवर हात मागं बांधून, मैदानात दुसऱ्याच कुणाची माय असावी तसा उभा होता. एकाएकी तो समोरच्या बाकावर चढला. वर्दीत, बुटांसकट. आणि ओरडला, "माय! चाल वं माय! चाल!"

त्याच्या पलटणीतली पोरं मागंच बसली होती. कुणी गढवालचा, कुणी पंजाबचा, कुणी पार केरळचा. मराठीचा गंध नाही. पण आदल्या दिवशी सगळ्यांनी आमची संत्री खाल्ली होती आणि धावणारी बाई कोण हे त्यांना ठाऊक होतं. ती सगळी उभी राहिली आणि एका आवाजात ओरडू लागली, "माय! माय! माय!" त्या वाळवंटातल्या मैदानात, इतक्या दूर, आमच्या घरातला शब्द असा घुमत होता की मला स्वतःच्या टाळ्या ऐकू येईनात. पुढच्या खुर्चीवर बसलेले साहेब वळून पाहू लागले. त्यांनी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, आणि मग तेही उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

लाल ओढणीवाली पहिली आली. हातभर मागं माय. तिच्या घागरीतलं पाणी काठाला लागून तसंच होतं.

बक्षिसासाठी त्यांना वर बोलावलं. मायच्या हाती एक पितळी गडवा आणि बांधणीची ओढणी दिली. पुकारा करणारा माणूस मोठा हौशी होता. मायचं लुगडं पाहून त्यानं भोंग्यातून जाहीर केलं, "दूसरे नंबर पर, महाराष्ट्र की माताजी!"

माय जागची हलली नाही. लोक टाळ्या वाजवत होते, ती हात वर करून त्या माणसाला थांबवत होती. शेवटी त्यानं माईक तिच्यापुढं धरला.

"भाऊ, महाराष्ट्र नै," माय म्हणाली. तिचा आवाज सगळ्या मैदानात गेला तशी ती क्षणभर दचकली, पण थांबली नाही. "गाव मोहगाव. तालुका सौसर, जिल्हा छिंदवाडा. मध्य प्रदेश."

"पर माताजी, आप तो मराठी बोल रही हैं!"

"हौ. मराठी बी हमारी, एमपी बी हमारा."

मैदान हसलं, पण ते हसणं प्रेमाचं होतं. मला रडू फुटलं. आम्हा सौसर-पांढुर्ण्याच्या माणसांचं हे जन्माचं आहे. नागपूरला गेलो की आम्ही एमपीवाले, भोपाळला गेलो की महाराष्ट्राचे. कुठंही आपली ओळख सांगताना आम्ही अर्धी गिळतो. कॉलेजच्या परीक्षेला गेले की मीही गिळायचे. आणि जिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्या माझ्या मायनं ती पूर्ण सांगितली.

"किसके साथ आयी हैं?" त्या माणसानं विचारलं.

मायनं बोट दाखवलं. "वो मेरा लड़का. फौज में है."

भावाचा चेहरा लालबुंद झाला. साहेब त्याच्याकडे चालत आले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. भावानं टाच आपटून सलाम ठोकला तो मात्र दुरूनही ऐकू आला.

गर्दी पांगल्यावर ती लाल ओढणीवाली बाई आपली घागर घेऊन मायपाशी आली. ती मायच्याच वयाची असावी. आमच्या दुपट्ट्याची चुंबळ तिनं उलटीसुलटी करून पाहिली, आपली कवड्या लावलेली दाखवली. दोघी सावलीत टेकल्या. ती मारवाडी बोले, माय आपलं वऱ्हाडी, मधे मी हिंदी घेऊन बसलेली. पण कितीतरी गोष्टी माझ्याआधीच त्यांच्या त्यांना कळत होत्या. तिच्या गावात पाणी दोन कोसांवर होतं.

"आमचं तं जवळच होतं," माय म्हणाली. "पन भरू देत नोहते."

मी सांगितलं. त्या बाईनं विचारलं, का?

"जातीपायी. आता आमी बौद्ध झालो. आता आमची विहीर हाय, आमचं पोरगं फौजेत हाय." हे मायनं मान वर करून सांगितलं.

त्या बाईनं कपाळावरची ओढणी मागं सारली. मग "म्हारे अठै भी," एवढंच म्हणाली. आमच्याकडेही. तिनं आपली घागर कलती केली. मायनं ओंजळ पुढं धरली आणि पाणी प्यायली. नंतर मायनं आपली घागर उचलली, आणि त्या बाईनं ओंजळ धरली. मी शेजारी चपला हातात घेऊन बसून होते. दोघी प्यायल्या, तोंड पुसलं, आणि मग मुलाबाळांच्या गोष्टी करू लागल्या.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळा महोत्सव गावाबाहेर वाळूच्या टेकड्यांवर गेला. आम्हीही मेळ्याच्या बसनं गेलो. भाऊ आमच्याबरोबर होता. एका बाजूला सूर्य बुडत होता, दुसऱ्या बाजूला पुनवेचा चंद्र वर येत होता, आणि वाळूवर माणसांच्या, उंटांच्या लांबलांब सावल्या. थंडी वाजू लागली तशी मायनं बक्षिसाची ओढणी अंगाभोवती गुंडाळली.

"माय," भाऊ म्हणाला, "आज पलटनीत मले कोनी नावानं हाक नाई मारून राहिलं. सगळे 'माय का बेटा' म्हनून राहिले."

"मंग वाईट वाटलं का?"

"नाई वं," तो म्हणाला. त्यानं वाळूत हात खुपसला, काही वेळ तसाच ठेवला. "वाईट काहून वाटन?"

परतीची गाडी त्यानंच गाठून दिली. पांढुर्ण्याच्या स्टेशनात बाबा घ्यायला आले होते. गाय व्याली होती, कालवड झाली होती, ही बातमी त्यांनी आधी दिली. मायनं किल्ल्याची गोष्ट सांगितली, दगडाच्या जाळीची, मिशीवाल्याची. शर्यतीचं नावही काढलं नाही. सौसरच्या बसमध्ये बसल्यावर मला राहवेना. मी गडवा पिशवीतून काढून बाबांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

बाबा ऐकत राहिले. मोहगाव येईपर्यंत गडव्यावरून बोटं फिरवत होते. उतरल्यावर मात्र घरी न येता ते गडवा घेऊन थेट चहाच्या टपरीकडे वळले.

त्या आठवड्यात मोहल्ल्यात अशी चौकट उरली नाही जिथं त्यांनी ती शर्यत सांगितली नाही. सांगता सांगता धावणाऱ्या बाया वाढत गेल्या, मैदान लांबत गेलं, आणि साहेबांचा हुद्दा तर रोज वर चढत होता. एकदा अंगणात पाचसहा जण जमले होते आणि बाबा हात पसरून दाखवत होते की माय कशी सगळ्यांना मागं टाकत निघाली. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "दुसरा नंबर आला माहा. पहिला नाई."

"पहिली आली ते तिथलीच होती," बाबा मागं न वळता म्हणाले. "तिचं घरचं मैदान होतं. आपल्या नदीवर येऊ दे म्हना, मंग पाहू." आणि गोष्ट जिथं तुटली होती तिथून त्यांनी पुढं सुरू केली.